दादाच्या भुकेचं नियोजन

नागावच्या कॉटेजला कुणी जाणार असलं की मी त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर एक यादी पाठवते. हे नागाव उरणचं, अलिबागचं वेगळं. हा खुलासा यादीत सगळ्यात वर आहे, कारण एकदा माझी एक मैत्रीण सहकुटुंब अलिबागच्या नागावला पोहोचली होती आणि तिथून मला फोन करून कॉटेजचा रंग विचारत होती.

यादी साधी आहे. पनवेलहून सकाळी लवकर निघावं, नाहीतर कंटेनरच्या रांगेत अडकायला होतं. समुद्रावर पहाटे आणि संध्याकाळी जावं. दुपारी वाळू तापते आणि सगळ्यांची डोकीही तापतात. करंजाला सकाळचा मासळीचा लिलाव बघावा, नवे कपडे आणि पांढरे बूट घालून जाऊ नये. द्रोणागिरीचा किल्ला चढायचा असेल तर पाणी खालूनच न्यावं. वडापाव चौकातल्या पिंपळाखालच्या गाडीवर खावा, समोरच्या काचेच्या दुकानात नाही. तांदळाची भाकरी आणि जवळा हवा असेल तर शाळेमागच्या आगरी बाईंच्या खानावळीत, पण साडेबारापर्यंत पोहोचलात तरच. कॉटेजच्या शेजारच्या खाला जेवण करून देतात. आदल्या दिवशी सांगावं लागतं.

लोक म्हणतात, तुझी यादी म्हणजे एकदम उपयोगी. मी म्हणते, हो. पण पहिल्यांदा ती केली तेव्हा तिचा उपयोग शून्य झाला होता, आणि ते तीन दिवस आमच्या घरात अजून सांगितले जातात.

ती यादी मी दादासाठी केली होती.

दादा माझा मोठा भाऊ. रोडपालीला राहतो, मी करंजाड्यात. रिक्षाने गेलं तरी जवळ, त्यामुळे एकमेकांकडे काय शिजलं हे दोन्ही घरांना रोज कळतं. आणि दादाच्या घरी काय शिजलं याच्याबरोबर त्यात काय चुकलं हेही कळायचं, कारण दादा प्रत्येक पदार्थाला नावं ठेवायचा. आमटी पातळ. भात मोकळा नाही. माझ्याकडे जेवायला आला तर पहिला घास तोंडात असतानाच म्हणायचा, "खोबरं कमी भाजलंस." आणि मग दोनदा वाढून घ्यायचा. रविवारी सकाळी प्लॅस्टिकचं अस्तर लावलेली कापडी पिशवी घेऊन पनवेलच्या मासळी बाजारात जायचा. वहिनीला त्याने एकदाही मासे आणायला पाठवलं नाही. तिच्यावर विश्वास नव्हता. माझ्यावर तर नव्हताच.

मग त्याला कावीळ झाली. बरीच मोठी. हॉस्पिटल, सलाइन, सगळं झालं आणि तो बरा झाला. पथ्य सुरू झालं: उकडलेलं, बिनतेलाचं, दुधी, मूगडाळीची खिचडी, ताक. त्याला वास येऊन वाईट वाटू नये म्हणून वहिनीने घरात मासे आणणं बंद केलं. त्याची ती पिशवी धुऊन, वाळवून माळ्यावर टाकली. तो येणार असला की मीही घरात फोडणी करत नसे. ठरलेली मुदत संपली. डॉक्टर म्हणाले, "आता सगळं खा." पण आमच्याकडे डॉक्टरांच्या मुदतीवर कुणी थांबत नाही. आत्या म्हणाली, अजून महिनाभर सांभाळा. वहिनीची आई म्हणाली, काविळीनंतर वर्षभर तेल नको. सगळ्यांचं ऐकता ऐकता पथ्य लांबत गेलं, आणि शेवटी एक दिवस वहिनीने धीर करून त्याच्यापुढे पापलेट ठेवलं, तर दादाने एक घास खाल्ला, "छान झालंय" म्हणाला आणि ताट बाजूला सारलं.

तेव्हापासून तेच. काहीही वाढा. छान झालंय. दोन घास. ताट बाजूला. शर्टाची कॉलर गळ्याभोवती सैल झाली होती. घड्याळाचा पट्टा आणखी एक भोक आत गेला होता. रिपोर्ट सगळे चांगले होते, डॉक्टरांकडे सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं.

वहिनी माझ्याकडे येऊन रडली. "मी काल मुद्दाम भाजीत मीठ घातलं नाही गं," ती म्हणाली. "तरी म्हणाले, छान आहे. एकदा तरी नाव ठेवायचं ना."

मी डोळे पुसायला रुमाल दिला आणि कागद घेतला.

हवापालट करायचा, समुद्रावर न्यायचं, आणि तिथे एकामागून एक चांगलं खायला घालायचं. एक ना एक ठिकाणी जीभ उघडेलच. माझ्या नवऱ्याच्या ऑफिसातल्या कुणाच्या तरी ओळखीने नागावचं कॉटेज मिळालं. मालक कतारला नोकरीला, चावी त्यांच्या वहिनीकडे. त्याच खाला. जानेवारी होता, हवा छान. मी एक चक्कर आधी एकटीने मारून आले, खाण्याच्या सगळ्या जागा बघितल्या, चव घेतली, वेळा विचारल्या. तीन दिवसांचा तक्ता केला. त्यात दादाला काहीही करावं लागणार नव्हतं. बॅग उचलायची नाही, जिना चढायचा नाही, कुठे जायचं विचारायचं नाही. करंजाच्या पुढे मी कंसात लिहिलं होतं: दादा गाडीत बसेल, उशी मागच्या सीटवर.

शुक्रवारी सकाळी निघालो. दादा, वहिनी, मी, माझा नवरा. मी पुढे, मांडीवर फाइल.

"बाईसाहेब," दादा मागून म्हणाला, "श्वास कधी घ्यायचा तेही लिहिलंय का?"

"टोमणे मारायला सुट्टी दिलेली नाही," मी म्हटलं. पण मला बरं वाटलं. टोमणा म्हणजे जीव आहे.

वाटेत मिसळ होती. खास त्याच्यासाठी तर्री वेगळी, म्हणजे हवी तेवढीच घेता येईल अशी. आम्ही बसलो, ताटल्या आल्या, आणि आम्ही तिघं दादाच्या चमच्याकडे बघायला लागलो. चमचा वर गेला. खाली आला. पुन्हा वर गेला. वहिनीचं तोंड त्याच्याबरोबर उघडत होतं.

"छान आहे," दादा म्हणाला आणि ताटली माझ्या नवऱ्याकडे सरकवली. माझ्या नवऱ्याने ती संपवली. तो तसा गरीब माणूस आहे, समोर आलं की खातो.

कॉटेज सुरेख होतं. पुढे सुरूची झाडं, त्यापलीकडे वाळू, मग पाणी. खाला किल्ली घेऊन आल्या. साठीच्या असतील, ठसठशीत, डोक्यावरून ओढणी. आल्या आल्या त्यांनी दादाकडे नीट बघितलं.

"भाईजान आजारी होते काय?"

"बरे झालेत आता," वहिनी घाईने म्हणाली.

"बरे झालेले असे दिसत नाहीत," खाला म्हणाल्या. "जेवण सांगायचं तर आज सांगा. आयत्या वेळी माझ्याकडे काय नाय."

मी त्यांना फाइल दाखवली. त्यांचं जेवण आमच्या तक्त्यात नव्हतंच, सगळ्या जागा ठरलेल्या होत्या. त्यांनी कागद हातात घेतला, लांब धरला, आणि परत दिला. "माशाल्ला, फार शिकलेल्या आहात," एवढंच म्हणाल्या.

शनिवारी पहाटे आम्ही समुद्रावर गेलो. ओहोटी होती. पाणी पार लांब गेलेलं आणि ओल्या वाळूवर खेकड्यांनी बारीक गोळ्या काढून नक्षी मांडलेली. दादा पँट दुमडून बराच लांब चालला. हे उत्तम झालं. तक्त्यात त्यापुढे मी लगेच खूण केली. चालून भूक लागणार, मग गाडीवरचा गरम वडा. त्याने अर्धा खाल्ला. दुपारी आगरी बाईंची खानावळ. जवळा, भाकरी, सोलकढी. बाई स्वतः वाढत होत्या, त्यांनीही बघितलं की आम्ही तिघं न जेवता एका माणसाकडे टक लावून बसलोय, आणि त्याही तिथेच उभ्या राहून बघायला लागल्या. बाजूच्या टेबलावरचे वळून बघायला लागले. दादाने दहीभात मागवला.

संध्याकाळी पोपटी. ही माझी हुकमी गोष्ट होती. वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, ओवा, जाडं मीठ, सगळं भांबुर्ड्याच्या पाल्यात घालून मडकं उलटं ठेवायचं आणि भोवती जाळ करायचा. तेलाचा एक थेंब नाही, म्हणजे आत्याला आणि वहिनीच्या आईलाही मान्य. खालांनी मडकं दिलं, माझ्या नवऱ्याने पेंढा आणि काटक्या पेटवल्या, समुद्राचा वारा आला आणि धूर सगळा माझ्या तोंडावर. दादा खुर्चीत शाल घेऊन बसला होता.

"मडकं वाजवून बघा, मेव्हणे," तो म्हणाला. "आवाज बदलला की झालं."

"दादा, तू बस," मी म्हटलं. "वेळ लावलीय मी मोबाइलवर."

मोबाइल वाजला तेव्हा मडकं काढलं. शेंगा खालून करपल्या होत्या, बटाटे कच्चे होते. आम्ही हसत हसत खाल्लं. दादाने एक अंडं सोलून वहिनीला दिलं आणि स्वतः चार शेंगा चघळल्या. "छान झालंय," तो म्हणाला.

करपलेल्या शेंगांना छान म्हणाला! वहिनी उठून आत गेली. मी फाइल मिटली. आता फक्त रविवार उरला होता.

रविवारी सकाळी करंजा. होड्या लागत होत्या, टोपल्या उतरत होत्या, बर्फाचे तुकडे पायाखाली. एका बाजूला बांबूच्या मांडवांवर बोंबील तोंडात तोंड अडकवून वाळत घातलेले, त्याचा तो खारा वास थेट गाडीत. दादाला मी मागच्या सीटवर उशी देऊन बसवलं, वहिनीला त्याच्याजवळ, आणि आम्ही नवरा-बायको खाली उतरलो. मोठा लिलाव व्यापाऱ्यांचा. आपल्यासारख्यांसाठी कडेला बायका वाटे मांडून बसतात. मला ओले बोंबील हवे होते. परतीच्या वाटेवरच्या हॉटेलवाल्याशी बोलून ठेवलं होतं, आपण मासे न्यायचे, तो करून देणार.

मी चार-पाच वाटे बघितले आणि त्यातला सगळ्यात मोठा घेतला. गाडीच्या खिडकीपाशी येऊन पिशवी उघडून दादाला दाखवली. खूश होईल म्हणून.

दादाने आत बघितलं. मग माझ्याकडे बघितलं.

"हे काय आणलंस?"

"बोंबील."

"हे बोंबील काल दुपारी वारले," दादा म्हणाला. "आज तू त्यांना फिरायला आणलंयस."

"दिसतायत की चांगले."

"चांगले? अगं, रंग बघ. पार पांढरे फटक पडलेत. तोंड उघडून बघितलंस? बोट लावून बघितलंस?" त्याने खिडकीतून हात बाहेर काढून पिशवी माझ्याकडून ओढून घेतली. "कुणाकडून घेतलेस? चल. दाखव मला."

"अहो, चक्कर येईल," वहिनी म्हणाली. पण तो दार उघडून उतरला होता. उशी खाली चिखलात पडली.

चप्पल फटफटवत तो माझ्यापुढे चालला. त्या बाईसमोर जाऊन उभा राहिला.

"मावशी, माझ्या बहिणीला हे काय दिलंत?"

मावशी जराही हलली नाही. "मी दिलं? तिनी बोट दावून घेतलं. मी म्हनलं, बाय, ह्यो घे, ह्यो आताचा हाय. तर म्हनते नाय, मला मोठा वाटा पायजे. मंग मी काय करू? दिला मोठा."

हे अगदी खरं होतं.

"ती अशीच आहे," दादा म्हणाला. "हा घ्या परत, आणि तो आताचा दाखवा."

"परत? मी काय कापडाचं दुकान टाकलंय?"

"मग हा बर्फात ठेवा, सुकवायला घ्या. आणि दाखवा तो."

तिने टोपलीवरचा ओला गोणपाट बाजूला केला. दादा उकिडवा बसला. एक बोंबील उचलला, तोंड उघडलं, आत लालसर होतं. बोटाने दाबला. उन्हाकडे धरला. मला दाखवून म्हणाला, "बघ. ह्याला बोंबील म्हणतात." मग एकेक निवडत गेला. अर्ध्याहून जास्त बाजूला टाकले.

"आता काय लगीन लावतो काय त्यांचं?" मावशी म्हणाली. "घे की भराभर."

"अजून दोन टाका. तो कोपऱ्यातला. नाही, तो नाही, त्याच्या खालचा."

"टाकते बाबा, टाकते. घरी खायला देत नाय काय तुला? हाडं दिसतात."

"डॉक्टरने बंद केलं होतं."

"नि आता?"

दादाने हातातला बोंबील उलटवून बघितला. "आता काय," तो म्हणाला, "आता टाका अजून दोन."

बोंबील झाल्यावर तो थांबला नाही. पुढच्या बाईकडे कोलंबी बघितली. तिच्या पुढचीकडे मांदेली. कुणाशी कल्ल्यांवरून वाद घातला, कुणाच्या टोपलीला नाव ठेवून नुसताच पुढे गेला. आम्ही तिघं पिशव्या धरून मागे. वहिनी कुजबुजली, "किती वेळ उभे आहेत गं." मी म्हटलं, "राहू दे." हॉटेलवाल्याची वेळ टळून गेली होती. मी तसं बोलूनही दाखवलं नाही. फाइल गाडीत राहिली होती आणि मला ती आणावीशी वाटली नाही.

"त्या हॉटेलवाल्याकडे हे द्यायचं नाही," दादा गाडीत बसताना म्हणाला. "तो ह्याचं वाटोळं करील. त्या शेजारच्या बाई काय म्हणाल्या होत्या, जेवण करतात ना?"

"आदल्या दिवशी सांगायचं असतं," मी म्हटलं.

"आज सांगू."

खाला अंगणात मिरच्या वाळवत होत्या. दादाने पिशव्या त्यांच्यासमोर ठेवल्या. त्यांनी आत बघितलं, मग माझ्याकडे.

"तुमच्या कागदात आमी नव्हतो ना?"

"कागद बदललाय," मी म्हटलं.

"हे कुणी आणलं? तुम्ही?"

"नाही. दादाने."

"ते दिसतंच हाय," खाला म्हणाल्या आणि पिशवी उचलून आत गेल्या. दादा त्यांच्यामागे गेला. स्वयंपाकघराच्या दारात पाटावर बसला. बोंबील साफ केले, मिठाचा हात लावून पाट्याखाली पाणी काढायला दाबले. मग वाद सुरू झाला. खालांना बोंबलांना तांदळाचं पीठ लावायचं होतं, दादाला रवा.

"रव्याने कुरकुरीत होतात."

"भाईजान, रवा शिऱ्याला लागतो. मी ह्या घरात चाळीस साल बोंबील तळते."

"बरं. पण कोलंबीच्या सालनात लसूण ठेचून, वाटून नाही."

"सबर करा जरा. चुलीजवळ कोण बसलंय, मी का तुम्ही?"

बाहेर मी सगळ्यांना ताकीद दिली. जेवताना कुणीही त्याच्याकडे बघायचं नाही. वहिनीला समुद्राच्या बाजूला तोंड करून बसवलं. माझ्या नवऱ्याला काही सांगावं लागलं नाही, तो आपल्या ताटाशिवाय कुठेच बघत नाही.

ओटीवर चटई घातली. खालांनी तळलेले बोंबील आणले, तांदळाच्या पिठातलेच. आमसुलं घातलेलं कोलंबीचं सालन, भाकरी, भात. आम्ही जेवायला लागलो. इतकी शांतता की सुरूच्या झाडांतला वारा ऐकू येत होता. मी भाकरीकडे बघत होते. वहिनी समुद्राकडे बघत होती, एखादं जहाज यायचं असल्यासारखी. शेजारी बोंबील तोडल्याचा आवाज आला. मग भाकरी मोडल्याचा. मग पुन्हा बोंबलाचा. मी मान खाली ठेवली.

सालनाचा भुरका ऐकू आला. आणि मग दादाचा आवाज, अगदी नेहमीचा, जुना, कपाळाला आठी घातलेला.

"मीठ कमी आहे."

खाला भाकरी घेऊन दारात आल्या होत्या. त्या जागीच थांबल्या. "माझ्या सालनात? आजपर्यंत माझ्या सालनात कुणी मीठ कमी म्हटलं नाय!"

"कमी आहे!" वहिनी ओरडली. ती पूर्ण वळून बसली होती आणि तिचे डोळे भरून वाहत होते. "खरंच कमी आहे हो! फारच कमी आहे!"

"तुम्ही तर अजून खाल्लंच नाय," खाला म्हणाल्या.

ते खरं होतं. वहिनीच्या ताटातलं सालन तसंच होतं. मी हसायला लागले, माझ्या नवऱ्याने मान वर केली आणि विचारलं, "काय झालं?" आणि खालांना काय ते मी सांगितलं, कावीळ, पथ्य, छान झालंय, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं. मग आत गेल्या, मीठ घेऊन आल्या आणि दादाच्या ताटाशेजारी ठक्कन ठेवलं.

"घ्या. नि भाकरीला काय म्हणणं हाय?"

"कडेला जाड झालीय," दादा म्हणाला. "अजून एक द्या."

त्या दिवशी त्याने किती खाल्लं ते मी मोजलं नाही, आणि माझ्या बाबतीत ही गोष्ट लोकांना सगळ्यात खोटी वाटते. जेवून तो ओटीवरच आडवा झाला आणि घोरायला लागला. वहिनीने त्याच्या डोक्याखाली उशी द्यायला आणली, तिला चिखल लागलेला बघून परत नेली.

त्यानंतर आम्ही पुष्कळदा नागावला गेलो. तेव्हाचा तक्ता मी टाकून दिला. यादी नवीन केली, जी आता सगळ्यांना पाठवते. त्यात वेळा कमी आहेत. करंजाच्या पुढे लिहिलंय: बरोबरच्या माणसांपैकी ज्याला माशांतलं कळतं त्याला पुढे घालावं आणि आपण पिशवी धरावी. खालांच्या पुढे अजूनही आदल्या दिवशी सांगावं असं आहे, कारण त्यांनी ते काढू दिलं नाही.

तिथून परत आलो त्याच्या पुढच्या रविवारी सकाळी मी चहा घेत होते, तर वहिनीचा फोन.

"अगं, मला माळ्यावर चढवलं," ती म्हणाली. धापा टाकत होती. "पिशवी काढून दिली. ती नाकाला लावली आणि मलाच बोलले, नीट धुतली नव्हतीस, वास येतोय."

"मग?"

"मग काय, गेले बाजारात. रागावूनच गेले," वहिनी म्हणाली, आणि इतकी हसायला लागली की पुढचं काही मला ऐकूच आलं नाही.